एआय एजंटची चाचणी कशी घ्यावी आणि त्यात सुधारणा कशी करावी

भाषा-मॉडेलवर (मजकूर वाचून उत्तर लिहिणाऱ्या एआयवर) चालणारा एजंट, म्हणजे सांगितलेले काम स्वतः पायरीपायरीने करणारा प्रोग्राम, तेच काम आज एका मार्गाने करतो आणि उद्या दुसऱ्याच, त्यामुळे एकदा चालवून पाहिले आणि जमले, एवढ्यावर त्याच्यावर विश्वास टाकता येत नाही.

सुरुवातीला प्रत्यक्ष वापरातली वीस-तीस कामे निवडावीत आणि काम संपल्यावर डेटाबेसमध्ये किंवा फाइलमध्ये नेमके काय दिसले पाहिजे, हे एजंट चालवण्याआधीच लिहून ठेवावे. ज्यांत काम न करता आधी विचारणे हेच योग्य ठरते, अशीही काही कामे त्यांत असावीत. चाचणी खऱ्या डेटावर न घेता, दर वेळी मूळ स्थितीत आणता येईल अशा प्रतीवर घ्यावी.

प्रत्येक काम किमान पाच वेळा चालवावे. एकेक पायरी ९५ टक्के वेळा बरोबर येत असली आणि कुठलीही चूक नंतर सुधारली जात नसली, तर २० पायऱ्यांचे काम पूर्णपणे बरोबर होण्याची शक्यता जेमतेम ३६ टक्के उरते.

निकाल ठरवताना एजंट काय म्हणतो यापेक्षा त्याने मागे काय ठेवले, हे पाहावे. समजा, सोमवारची बैठक बुधवारी घ्यायला सांगितली आणि ‘बैठक बुधवारी ठेवली आहे’ असे उत्तर आले, पण कॅलेंडरमध्ये ती सोमवारीच आहे. अशा वेळी लॉग, म्हणजे एजंटने केलेल्या प्रत्येक कृतीची नोंद, पहिल्या ओळीपासून वाचावा. कॅलेंडरच्या टूलने (कॅलेंडर बदलण्यासाठी एजंट वापरतो त्या साधनाने) ‘अवैध विनंती’ एवढेच कळवले, एजंटने तीच विनंती पुन्हा पाठवली आणि शेवटी काम झाल्याचे गृहीत धरले, असे त्यात दिसू शकते. इथे प्रॉम्प्टमध्ये, म्हणजे एजंटला दिलेल्या लेखी सूचनांमध्ये, भर घालण्याचा मोह होतो. माझ्या मते आधी टूलचा संदेश सुधारावा. ‘तारीख वर्ष-महिना-दिवस या क्रमाने द्या’ असे स्पष्ट सांगितले, तर एजंटला चूक स्वतः दुरुस्त करण्याची संधी मिळते.

एका वेळी एकच बदल करावा आणि त्यानंतर सगळी कामे पुन्हा चालवावीत, कारण एक दोष काढताना आधी जमणारे दुसरे काम बिघडणे अगदी नेहमीचे आहे. काही कामे सुधारणा करताना न पाहता बाजूला ठेवावीत, म्हणजे सुधारणा फक्त पाहिलेल्या कामांपुरतीच तर नाही ना, हे शेवटी त्यांवर तपासता येते. गुण देण्यासाठी दुसरे मॉडेल वापरायचे असेल, तर काही निकाल आधी माणसाकडून तपासून घ्यावेत आणि दोघांचे मत कुठे जुळत नाही ते पाहावे.

एजंट वापरात आल्यावर जिथे जिथे चुकेल, ते प्रत्येक काम त्याच आठवड्यात चाचणीच्या यादीत घालावे.