कोअर बघायला जाण्याआधी

आपल्याकडे विहीर खणली की आधी जांभा, मग काळा कातळ. पण किनाऱ्यापासून साधारण 160 किलोमीटरवर, 1974 साली तेल सापडलेल्या मुंबई हायमध्ये, तेल मुख्यतः मायोसीन काळातल्या चुनखडकात आहे. त्या दगडाचा कोअर, म्हणजे विहिरीतून अखंड कापून काढलेला दंडगोल, हाताळायची हौस असलेल्या अलिबाग-रत्नागिरीकडच्या भूशास्त्राच्या मुलांसाठी हे लिहितोय.

आधी काय हवंय ते ठरवा. "मुंबई हायचा डेटा द्यावा" असा अर्ज करू नका. विहिरीचा क्रमांक, किती ते किती मीटर, आणि दगड हवा, फोटो हवेत की सच्छिद्रतेचे आकडे, हे लिहा. बरेचदा आकड्यांवरच भागतं. त्या खोलीला कोअर काढला होता का, हेही बघा. ते काम खर्चिक, म्हणून बहुतेक ठिकाणी नुसता चुराच मिळतो. भारतातल्या नोंदींसाठी डीजीएचची, म्हणजे केंद्र सरकारच्या हायड्रोकार्बन महासंचालनालयाची, नॅशनल डेटा रिपॉझिटरी आहे, 2017 पासून. अर्ज विभागप्रमुखांच्या सहीने जाऊ द्या.

परवानगीची वाट बघताना हात रिकामे ठेवू नका. 2015 च्या आयओडीपी (समुद्रतळ खणून अभ्यासणारा आंतरराष्ट्रीय कार्यक्रम) मोहीम 355 ने अरबी समुद्रात लक्ष्मी खोऱ्यात दोन ठिकाणी छिद्रं घेतली, यू1456 आणि यू1457. या तेलविहिरी नव्हेत, पण कोअरची वर्णनं, फोटो, मोजमापं फुकट उतरवून घेता येतात. प्रत्यक्ष कोअर कोचीला आहेत. जपानातल्या कोचीला, केरळचं तिकीट काढू नका.

आता खोली. इथे मी स्वतः आपटलोय. ड्रिलर खोली मोजतो पाइपांच्या लांबीवरून, लॉगवाले, म्हणजे विहिरीत उपकरणं सोडून मोजमापं घेणारे, केबलवरून, आणि दोघांचं क्वचितच जुळतं. माझा फरक दोन मीटरचा होता. शेलला, म्हणजे चिखलाच्या दगडाला, मी आठवडाभर तेलाचा थर समजत होतो. कोअरचा गॅमा (दगडातला नैसर्गिक किरणोत्सर्ग) लॉगच्या गॅमाशी जुळवून मगच पुढे जा. शून्य कुठून धरलंय तेही विचारा, कारण ते सहसा रिगच्या रोटरी टेबलापासून (पाइप फिरवणाऱ्या तबकडीपासून) असतं, समुद्रसपाटीपासून नाही. नऊ मीटर कापून सातच हाती आले, तर हरवलेले दोन रिवाजाने तळाशी धरतात. खरे कुठून गेले, देव जाणे.

सोबत भिंग, मोजपट्टी, पाण्याची फवारणी. सौम्य आम्ल न्या, पण विचारल्याशिवाय थेंबही टाकू नका. आणि दगडाच्या आधी पेटीवरच्या चिठ्ठीचा फोटो काढा, वरची बाजू दाखवणाऱ्या बाणासकट.