पॅचला उत्तर येत नाही? आठवण करताना या चुका टाळा

लिनक्स कर्नलला (लिनक्सच्या गाभ्याला) पहिला पॅच, म्हणजे कोडमधला बदल, मेलने पाठवला तेव्हा तिसऱ्याच दिवशी मी "पाहिलात का?" असा मेल टाकला होता. उत्तर आलं नाही. येणार तरी कसं? मर्ज विंडो, म्हणजे पुढच्या आवृत्तीसाठी बदल स्वीकारण्याचा काळ, चालू होती. नवी आवृत्ती निघाली की पुढचे साधारण २ आठवडे मेंटेनर (कर्नलचा एकेक भाग सांभाळणारे) आपल्याकडे जमलेलं काम कर्नलचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांच्याकडे पोचवण्यात बुडालेले असतात. कर्नलच्या नियमावलीतच लिहिलंय: किमान एक आठवडा थांबा, मर्ज विंडोत त्याहून जास्त. मी ते वाचलं नव्हतं, एवढंच.

खरी गंमत पुढे आहे. कित्येकदा पॅच पोचलेलाच नसतो आणि आपण मेंटेनरच्या नावाने बोटं मोडत बसतो. कर्नलच्या मेलिंग लिस्ट एचटीएमएल (सजवलेल्या मजकुराचे) मेल परत लावतात. जीमेलच्या वेबपानावरून पाठवलात तर टॅबच्या जागी स्पेस येतात आणि पॅच लागतच नाही. म्हणून गिट या कोडच्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनातली 'सेंड-ईमेल' ही आज्ञा वापरा, आणि आठवण करण्याआधी लोर (lore.kernel.org) या मेलिंग लिस्टच्या संग्रहात आपला मेल दिसतोय का ते बघा. दिसतोय? मग पॅच कुणाला पाठवायचा ते सांगणारी गेट-मेंटेनर स्क्रिप्ट पुन्हा चालवा. योग्य माणूस 'सीसी'त होता ना? शेवटी लिनक्स-नेक्स्टमध्ये, म्हणजे पुढच्या आवृत्तीसाठी घेतलेले बदल जिथे एकत्र होतात तिथे, डोकवा. न कळवता पॅच घेतलेलाही असू शकतो.

आता आठवण. ती मूळ मेललाच उत्तर म्हणून, सगळ्यांना कायम ठेवून करा. मेंटेनरला एकट्याला गाठणं म्हणजे रांग सोडून खिडकीशी जाणं. शिवाय तो रजेवर असेल तर बाकी कुणाला कळतही नाही. मजकूर दोन ओळींचा पुरे: हा पॅच अमुक बिघाड दुरुस्त करतो, काही बदल हवे असतील तर सांगा. "माझ्या कंपनीला शुक्रवारपर्यंत हवंय" हे लिहू नका. ती अडचण तुमची आहे, त्यांची नाही.

पुन्हा पाठवताना आणखी एक घोळ होतो. पॅचमध्ये काडीचाही बदल नसेल तरच विषयात 'रिसेंड' लिहायचं. एक ओळ जरी बदलली तरी तो 'व्ही २' (दुसरी आवृत्ती), आणि काय बदललं ते पॅचमधल्या तीन डॅशच्या रेघेखाली. तिथला मजकूर गिटच्या इतिहासात जात नाही, पण तपासणाऱ्याचा वेळ वाचतो.

गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावर हीच घाई वेगळ्या रूपात दिसते: जुनी पुल रिक्वेस्ट (बदल सामावून घेण्याची विनंती) बंद करून तीच नव्याने उघडणं. आधीची चर्चा मागे राहते आणि तपासणाऱ्याला पुन्हा पहिल्यापासून सगळं वाचावं लागतं. त्यापेक्षा कॉन्फ्लिक्ट (इतरांच्या बदलांशी होणारी टक्कर) सोडवा, पडलेल्या चाचण्या दुरुस्त करा, मग तिथेच एक ओळ टाका. एलएलव्हीएम या कंपायलर प्रकल्पात आठवड्याने नुसतं 'पिंग' लिहिलेलंही चालतं. त्यात कुणाला उद्धटपणा वाटत नाही.

मधल्या काळात हात रिकामे असतील तर कर्नलच्या त्याच उपप्रणालीतले (भागातले) दुसऱ्यांचे पॅच तपासा. न तपासलेल्या पॅचमुळेच रांग लांबलेली असते.