मारबतीवर माहितीपट करताना: शैली कशी निवडावी आणि कल कसा ओळखावा

तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, इतवारी-महालच्या गल्ल्यांतून निघणाऱ्या मारबतीच्या (वाईटाचे प्रतीक म्हणून मिरवून शेवटी जाळल्या जाणाऱ्या पुतळ्याच्या) मिरवणुकीवर पहिला माहितीपट करावा, असे नागपुरातील अनेक तरुणांना वाटते आणि ते योग्यच आहे, कारण हा विषय घराजवळचा आहे, दृश्यांनी भरलेला आहे आणि त्यात मतभेदांनाही भरपूर जागा आहे. मात्र कॅमेरा हातात घेण्यापूर्वी एक गोष्ट मनाशी पक्की करावी. निवेदन वगळले की चित्रपट आपोआप निष्पक्ष होतो, ही समजूत चुकीची आहे. प्रत्येक शैलीत सांगणाऱ्याचा कल असतोच आणि प्रत्येक शैली तो वेगळ्या ठिकाणी झाकून ठेवते, म्हणून शैली ठरवतानाच ते ठिकाण शोधून काढावे.

निवेदनप्रधान शैली आपल्या सर्वांच्या ओळखीची आहे. 1948 साली स्थापन झालेल्या फिल्म्स डिव्हिजनचे अनुबोधपट चित्रपटगृहात मुख्य चित्रपटाआधी दाखवले जात आणि त्यांतील भारदस्त आवाजामुळे सांगितलेले सर्व काही निर्विवाद वाटे. मारबतीच्या संदर्भात हा धोका फार खरा आहे. काळी मारबत ही नागपूरच्या भोसले राजघराण्यातील बाकाबाई भोसले यांनी इंग्रजांशी केलेल्या हातमिळवणीच्या निषेधातून सुरू झाली, असे शहरात सर्रास सांगितले जाते. हे वाक्य निवेदकाने ठाम आवाजात वाचले आणि त्याखाली एखादे जुने चित्र लावले की लोककथा क्षणात इतिहास होऊन बसते. त्यासाठी संहितेच्या समासात प्रत्येक विधानापुढे त्याचा आधार लिहावा: कागदपत्र, प्रत्यक्षदर्शी की ऐकीव. ऐकीव विधान निवेदकाच्या तोंडी घालू नये. ते सांगणाऱ्या माणसाच्याच तोंडून, त्याचा चेहरा दिसत असताना येऊ द्यावे, म्हणजे हे कोणाचे म्हणणे आहे ते प्रेक्षकाला कळते.

निरीक्षणात्मक शैलीत निवेदन नसते, मुलाखती नसतात आणि दिग्दर्शक दिसत नाही. हलके कॅमेरे आणि चित्रासोबत चालणारे ध्वनिमुद्रण 1960 च्या सुमारास हाताशी आल्यावर ती बहरली. नवख्यांना ती सर्वांत प्रामाणिक वाटते, पण माझ्या मते सर्वाधिक सावधगिरी तिथेच लागते, कारण तिच्यातला कल कानाला ऐकू येत नाही. गच्चीवरून लांब पल्ल्याच्या लेन्सने टिपलेली मिरवणूक दाट, एकजीव आणि काहीशी भीतिदायक दिसते. तीच मिरवणूक खांद्याच्या उंचीवरून, गर्दीत चालत टिपली तर खांद्यावर बसलेले पोर, पाणी वाटणारी बाई आणि ‘ईडा, पीडा, घेऊन जा गे मारबत’ असे ओरडताना हसणारे चेहरे दिसतात. दोन्ही चित्रणे खरी आहेत. त्यामुळे एकच प्रसंग निदान दोन उंचींवरून टिपावा, आणि काळ्या मारबतीसोबत जितके चालाल तितकेच जागनाथ बुधवारीच्या पिवळ्या मारबतीसोबतही चालावे. बडग्यांच्या, म्हणजे मिरवणुकीतील उपहासात्मक पुतळ्यांच्या, बाबतीत तर हे फारच आवश्यक आहे, कारण त्यांवरचे राजकीय टोमणे वेगवेगळ्या पक्षांना लागतात आणि आपल्याला पटणारे तेवढेच फलक टिपण्याचा मोह सहज होतो.

संकलनाच्या टेबलावर हा मोह आणखी बळावतो. एखाद्या वक्त्याच्या वाक्यानंतर भलत्याच वेळी टिपलेला कपाळावर आठ्या असलेला चेहरा जोडला, तर जी प्रतिक्रिया कधी उमटलीच नव्हती ती पडद्यावर उमटते. माझा नियम कडक आहे: प्रतिक्रियेचे दृश्य त्याच प्रसंगातले असावे, नसेल तर ते वापरू नये.

सहभागी शैलीत दिग्दर्शक स्वतः प्रश्न विचारतो आणि लोकांशी वाद घालतो. इथे कल प्रश्नाच्या घडणीत असतो. ‘या मिरवणुकीने कचरा होतो असं तुम्हाला वाटत नाही का?’ या प्रश्नात उत्तर आधीच भरलेले आहे. ‘आजच्या दिवशी तुमच्या घरी सकाळपासून काय काय होतं?’ असे विचारल्यास माणूस आपल्या क्रमाने बोलतो आणि कचऱ्याचा विषय त्याला महत्त्वाचा वाटत असेल तर तो स्वतःच काढतो. टोकदार प्रश्न विचारणे गरजेचेच असेल, तर तो अंतिम संकलनात ऐकू येईल असा ठेवावा. प्रश्न कापून फक्त चिडलेले उत्तर ठेवणे हा उघड अन्याय आहे.

या शैलीने दिलेली एक पद्धत मात्र कोणत्याही माहितीपटाला उपयोगी पडते. फ्रान्समध्ये झाँ रूश आणि एदगार मोरँ यांनी 1961 च्या आपल्या चित्रपटात, ज्यांचे चित्रण केले त्यांनाच ते दाखवले आणि त्यांची मतेही चित्रपटात घेतली. आपणही कच्चे संकलन मारबत घडवणाऱ्या मूर्तिकारांना आणि मंडळाच्या ज्येष्ठांना बसवून दाखवावे. त्यांनी सांगितलेला प्रत्येक बदल करण्याचे बंधन नाही, परंतु तथ्याची चूक दाखवली तर ती दुरुस्त करावी आणि मतभेद असेल तर तो शक्यतो पडद्यावर आणावा.

काव्यात्म शैलीबद्दल थोडेच सांगतो. रंग, ढोल आणि दहनाच्या ज्वाळा यांची सुंदर मालिका रचता येते, परंतु केवळ सौंदर्य दाखवताना पुतळे उभारणाऱ्यांची मेहनत आणि खर्च नजरेआड होतात.

पुनर्रचित दृश्यांबाबत जुना वाद आहे. 1922 साली रॉबर्ट फ्लाहर्टी यांनी उत्तर ध्रुवाजवळच्या बर्फाळ प्रदेशातील इनुइट कुटुंबावर केलेल्या प्रसिद्ध चित्रपटात आतली दृश्ये टिपण्यासाठी बर्फाचे घर मोठे आणि एका बाजूने उघडे ठेवण्यात आले होते. तेव्हाच्या कॅमेऱ्यांना प्रकाश लागत असल्याने त्यामागची अडचण समजते, पण प्रेक्षकाला ते सांगितले नव्हते. मारबतीची जुनी मिरवणूक नटांकडून करून घ्यायची असेल, तर पडद्यावर ‘पुनर्रचना’ असे ठळक लिहावे.

समतोल म्हणजे दोन्ही बाजूंना सारखी मिनिटे, असे नाही. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे नागपूरचा अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले. त्यावर चित्रपट करताना पाणी कुठवर आले हे भिंतींवरील खुणांनी ठरते आणि ‘एवढे आलेच नव्हते’ या दाव्याला त्या खुणांइतकाच वेळ देणे हा समतोल नव्हे. मात्र तलावाच्या सांडव्यासमोरील स्मारकाचा प्रवाहाला अडथळा होतो का, हा वाद मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेला. अशा वादात दोन्ही बाजूंचे युक्तिवाद त्यांच्या सर्वांत भक्कम रूपात मांडावे लागतात. तथ्य आणि मत यांतला हा फरक चित्रीकरणाआधीच वहीत लिहून ठेवावा.

शेवटी श्रेयनामावली लिहिताना पैसे कोणी दिले, चित्रीकरणासाठी मदत कोणत्या मंडळाने केली आणि दिग्दर्शकाचे त्या मंडळाशी काही नाते आहे का, हे तिन्ही स्पष्ट नोंदवावे, आणि ही ओळ वाचता येईल इतका वेळ पडद्यावर ठेवावी.