सुळा खाली आला, तारा निघणार, आता हिरडीचं बघा

भाचीच्या दातांच्या तारा पुढच्या महिन्यात निघणार. तिचा वरचा डावा सुळा माझ्या लेकीसारखाच टाळूत अडकलेला, छोटं ऑपरेशन करून उघडा केला, त्यावर बटण चिकटवलं आणि बारीक साखळीने ओढत ओढत दोन वर्षांत जागेवर आणला (टाळूतले सुळे घराण्यात असतात बरं का, आणि मुलांपेक्षा मुलींत जास्त). परवा बहिणीचा फोन, ताई आता अजून काय काय करायचं असतं गं? तिला जे सांगितलं तेच सगळं लिहून काढतेय, कारण आमच्या वेळी एक गोष्ट राहून गेली ती मला अजून खटकते.

ती म्हणजे मोजमाप. लेकीच्या तारा निघाल्या, सरळ दात बघून मी क्लिनिकमध्ये पेढे वाटून आले, आणि चार महिन्यांनी ती आरशासमोर उभी राहून म्हणते, आई हा एकच दात लांब का दिसतोय? बघितलं तर सुळ्याची हिरडी शेजारच्या दातापेक्षा चांगली वर. आता ही आधीपासून वर होती की चार महिन्यांत सरकली ते कोणालाच सांगता येईना, फाइलमध्ये हसरे फोटो भरपूर, हिरडीचा आकडा एकही नाही. म्हणून पहिलं काम हेच, तारा काढायच्या आधीच्या व्हिजिटला स्पष्ट सांगायचं की सुळ्याचं आणि त्याच्या दोन्ही शेजाऱ्यांचं प्रोबिंग करून फटीच्या खोलीचे आणि हिरडीची कड कुठवर आहे त्याचे आकडे लिहून द्या. बारीक खुणांची सळी असते, दात आणि हिरडीच्या फटीत हलकेच घालतात, एका दाताला सहा ठिकाणी. खोली १ ते ३ मिलिमीटर म्हणजे ठीक, ४ असेल आणि शिवाय रक्तही आलं तर लक्ष ठेवायचं, ५ किंवा जास्त असेल तर हिरड्यांच्या डॉक्टरांकडे जायचं. टाळूतून ओढलेल्या सुळ्याच्या मागच्या बाजूचा आकडा मुद्दाम विचारा, समोरून सगळं छान दिसतं आणि मागे खोल असतं असं होऊ शकतं. घाबरायचं नाही, बहुतेकांचा फरक दुसऱ्या बाजूच्या सुळ्याशी तुलना केली तर मिलिमीटरच्या आतबाहेरच असतो.

पण एवढ्यावर थांबू नका, तेच मोजमाप दोनतीन महिन्यांनी परत करायचं, आणि कारण ऐका. तारांमुळे हिरडी सुजून फुगलेली असते आणि दाताचा थोडा भाग झाकते. तारा निघाल्या, साफसफाई झाली की सूज उतरते आणि दात लांब झाल्यासारखा वाटतो, म्हणजे हिरडी सरकलीच असेल असं नाही, कदाचित ती आपल्या खऱ्या जागी गेली. आमच्या केसमध्ये दोन्ही थोडं थोडं होतं असं नंतर हिरड्यांच्या डॉक्टरांचं मत पडलं, पण आकडे असते तर माझ्या दोन रात्रींची झोप वाचली असती. मोबाइलवर घरीच फोटो काढून ठेवा, खिडकीच्या उजेडात, ओठ दोन्ही बोटांनी वर धरून, दर महिन्याला त्याच जागी उभं राहून.

एक्स-रे पण मागून घ्या. अडकलेला सुळा खाली येताना कधी कधी शेजारच्या छोट्या दाताचं मूळ झिजवतो, ते बाहेरून कळत नाही, आणि सुळ्याभोवतीचं हाड कसं आहे तेही त्यात दिसतं.

तारा निघाल्या त्याच दिवशी किंवा त्याच आठवड्यात स्केलिंगची (डॉक्टरांकडून दातांवरचं किटण काढून घ्यायची) वेळ घेऊन ठेवा. ब्रॅकेटचा, म्हणजे तार धरायला दातावर चिकटवलेल्या टिकलीचा, गोंद हिरडीच्या कडेला थोडा जरी राहिला तरी तिथे किटण धरतं. घरी आल्यावर जीभ फिरवून बघायला सांगा, खरखरीत लागलं तर परत जायचं, लाजायचं नाही, पैसे भरलेत.

आता खरेदी. मऊ ब्रश, डोकं लहान असलेला. दात परत सरकू नयेत म्हणून दातांच्या मागे सुळा ते सुळा तार चिकटवणार असतील तर साधा फ्लॉस (दातांच्या फटीत फिरवायचा धागा) वरून जात नाही, टोक कडक असलेला सुपरफ्लॉस किंवा धागा ओवायचा सुईसारखा थ्रेडर लागतो, तो आधीच आणून ठेवा आणि डॉक्टरांसमोर मुलीलाच एकदा करून दाखवायला लावा. आमची पहिल्या दिवशी वीस मिनिटं वॉशबेसिनपाशी झगडत होती, आठवड्याने तीन मिनिटांत व्हायला लागलं. दातांमधला छोटा ब्रश स्वतःच्या मनाने जाडा घेऊ नका, दाबून घातला तर मधली टोकदार हिरडी दुखावते.

घासायची पद्धत बदला. ब्रश हिरडीच्या कडेला तिरका टेकवून जागच्या जागी हलका हलवायचा, मागून ब्रश उभा धरायचा. सुळा कोपऱ्यावर असतो, हात तिथेच वळतो, त्यामुळे एकतर तो राहून जातो नाहीतर सगळा जोर त्याच्यावर. भांडी घासल्यासारखे दात घासणाऱ्यांनी जपा, पातळ हिरडी तेवढ्यानेही सरकते. मशेरी आणि कोळशाची पावडर घरात कोणी वापरत असेल तर मुलीच्या हाताला लागू देऊ नका, आमच्या सासूबाई स्वतः मशेरी लावायच्या आणि नातीला पण जरा लाव म्हणायच्या, त्यांच्याशी वाद घालण्यापेक्षा डबीच वरच्या फळीवर ठेवली.

रक्त आलं की मुली तिथे ब्रश लावणंच बंद करतात, हे उलटं आहे, मळ साचतो म्हणूनच रक्त येतं, हलक्या हाताने पण रोज तिथे घासायचंच. आठदहा दिवसांत थांबलं नाही तर दाखवा. क्लोरहेक्सिडीनचा (जंतू मारणारा) माउथवॉश कोणी दिला तर दिलेले दिवसच वापरा, मनाने महिनाभर चालू ठेवला तर दातांवर तपकिरी डाग, त्यात आपला तीन वेळचा चहा.

रिटेनर, म्हणजे दात परत सरकू नयेत म्हणून घालायचा काढता साचा, मिळाला की लगेच तोंडात घालून कडा बघा, हिरडीत रुतत असेल तर तिथल्या तिथे घासून घ्या. साध्या गार पाण्याने धुवायचा, मी एकदा शहाणपणा करून गीझरच्या पाण्याखाली धरला आणि तो वाकडा झाला, नवीन करावा लागला. दुसरा लग्नात जेवताना पेपर नॅपकिनमध्ये गुंडाळून ठेवला आणि वाढप्याने ताटासोबत उचलून नेला, म्हणून डबी पर्समध्ये कायम, शक्यतो भडक रंगाची.

राहिली शेवटची गोष्ट, हिरडी वाढत्या वेगाने वर जातेय, दात गार पाण्याला शिवशिवतोय, हलतोय किंवा काळपट पडतोय असं दिसलं तर पुढच्या अपॉइंटमेंटपर्यंत थांबू नका. टाळूतून छोटा तुकडा घेऊन हिरडी वाढवायचं ऑपरेशन होतं, पण ते सगळ्यांना लागत नाही, आमच्या लेकीला सांगितलं की वर्षभर आकडे बघू मग ठरवू. पुढचं मोजमाप दिवाळीनंतर आहे, भाचीचंही त्याच दिवशी लावून घेतलंय, दोघी एकत्रच जातील.