मृत्युपत्र साध्या कागदावर चालतं, पण साक्षीदार आणि वर्णन नीट हवं

फ्लॅटला नॉमिनी लावला, बँकेत लावला, की झालं, असं बहुतेक घरांत धरून चालतात. पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. संस्था किंवा कंपनी ज्याच्या हाती पैसे-कागद सोपवून मोकळी होते, तो माणूस. कंपनीच्या शेअरबाबतही हेच, असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये स्पष्ट केलं. महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण संस्थेत नॉमिनी फार तर तात्पुरता सभासद होतो. फ्लॅट कुणाचा, हे मृत्युपत्र ठरवतं. ते नसेल तर वारसा कायदा ठरवतो.

आणि वारसा कायद्याची वाटणी अनेकदा आपल्या मनातली नसते. हिंदू पुरुष मृत्युपत्र न करता गेला तर पत्नी, मुलं आणि त्याची आई यांना सारखा वाटा मिळतो, आणि यांपैकी कुणीही असेल तर वडिलांना काहीच मिळत नाही. मूलबाळ नसलेल्या विधवेचं प्रकरण तर फारच कठोर आहे. तिने स्वतःच्या पगारातून घेतलेलं घर आधी नवऱ्याच्या वारसांकडे जातं. तिचे स्वतःचे आईवडील हयात असले तरी त्यांचा नंबर नंतर लागतो. नोकरी करणाऱ्या प्रत्येक विवाहित स्त्रीने याच एका कारणासाठी मृत्युपत्र करावं.

अठरा वर्षं पूर्ण आणि शुद्धीवर असलेली कुणीही व्यक्ती ते करू शकते. स्टँप पेपर लागत नाही, मुद्रांक शुल्कही नाही. हाताने लिहा किंवा टाइप करा, मराठीत लिहा. सुरुवातीला नाव, वय, पत्ता, तारीख आणि ‘यापूर्वी केलेली सर्व मृत्युपत्रं व पुरवणीपत्रं मी रद्द करत आहे’ हे वाक्य.

मालमत्तेचं वर्णन खरेदीखतातून किंवा सातबारावरून जसंच्या तसं उतरवा. फ्लॅट असेल तर क्रमांक, मजला, संस्थेचं नाव व नोंदणी क्रमांक, शेअर सर्टिफिकेटचा क्रमांक, सिटी सर्व्हे नंबर. जमीन असेल तर गाव, तालुका, गट नंबर, क्षेत्र आणि त्यात तुमचा हिस्सा किती. वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत तुम्ही फक्त आपल्या हिश्श्याचंच मृत्युपत्र करू शकता. सगळी जमीन एका मुलाच्या नावे लिहून ठेवली तरी बाकीच्यांचे, मुलींचेसुद्धा, हिस्से त्याने जात नाहीत. कूळकायद्याने मिळालेली जमीन असेल तर आधी वकिलाला दाखवा, तिथे वेगळी बंधनं आहेत.

‘पाच लाखांची अमुक ठेव मुलीला’ असं लिहू नका. ती ठेव मध्येच मोडली तर मुलीला काहीच मिळत नाही. त्यापेक्षा ‘माझ्या मृत्यूच्या दिवशी माझ्या सर्व बँक खात्यांत व ठेवींत असेल त्या रकमेचा निम्मा भाग’ असं लिहा. शेवटी ‘वर न लिहिलेली व पुढे मला मिळणारी सर्व मालमत्ता’ कुणाला, हे हवंच. हे कलम राहिलं की नंतर घेतलेली गाडी किंवा शेअर परत वारसा कायद्याने वाटले जातात. ज्याला देताय तो तुमच्याआधी गेला तर कुणाला, तेही लिहा.

भांडणं सर्वांत जास्त होतात ती ‘घर पत्नीला, तिच्यानंतर मुलाला’ या वाक्यावरून. तिला पूर्ण मालकी दिली आहे की फक्त हयातभर राहण्याचा हक्क? मालकी दिली तर पुढची अट बहुधा टिकत नाही. ती घर विकूही शकते. नुसता राहण्याचा हक्क दिला तर औषधपाण्याला पैसे लागले तरी तिला ते विकता येत नाही. दोन्हींतलं एक ठरवा आणि त्याच शब्दांत लिहा.

आता साक्षीदार. किमान दोन हवेत. तुम्ही त्यांच्यासमोर सही करायची, किंवा केलेली सही आपलीच असल्याचं प्रत्येकाला समक्ष सांगायचं, मग त्यांनी तुमच्यासमोर सही करायची. कागद शेजाऱ्याच्या घरी पाठवून सही आणली तर तिथेच मृत्युपत्र कोसळतं. वाद झाला तर हयात साक्षीदारांपैकी किमान एकाची साक्ष न्यायालयात व्हावी लागते, नोंदणी केलेली असली तरी. म्हणून साक्षीदार तुमच्यापेक्षा तरुण, पक्क्या पत्त्याचे घ्या. ज्यांना काही मिळणार आहे ते आणि त्यांचे नवरा-बायको साक्षीदार नकोत. वय झालं असेल किंवा आजारपण असेल तर त्याच दिवशीचं डॉक्टरांचं प्रमाणपत्र जोडा. डॉक्टरच साक्षीदार झाले तर उत्तम.

सर्वाधिक मिळणाऱ्या मुलानेच वकील गाठला, मजकूर सांगितला, वडिलांना गाडीतून नेलं, असं दिसलं की न्यायालय संशयाने बघतं. तो संशय दूर करण्याची जबाबदारी मृत्युपत्र पुढे करणाऱ्यावर, हे सर्वोच्च न्यायालयाने १९५९ सालीच सांगितलं आहे. एखाद्या मुलाला वगळत असाल तर का, ते एका वाक्यात लिहा, शिव्याशाप न देता. प्रत्येक पानावर सही करा.

नोंदणी सक्तीची नाही, पण दुय्यम निबंधक कार्यालयात जाऊन करावी. कागद हरवला, बदलला अशा तक्रारींना आळा बसतो. मात्र नंतरचं, रीतसर केलेलं, साधं मृत्युपत्र आधीच्या नोंदणीकृत मृत्युपत्रावर मात करतं. बदल करायचा तर खाडाखोड नको. पुरवणीपत्र करा, त्यालाही दोन साक्षीदार लागतात.

मुस्लिम कायद्यात साधारणपणे एक तृतीयांशच मालमत्ता मृत्युपत्राने देता येते, त्याहून जास्तीला वारसांची संमती लागते. गोव्याच्या वारसा कायद्यात मुलांसारख्या वारसांचा निम्मा वाटा राखीव असतो.

अंमलबजावणीसाठी एक व्यवस्थापक नेमा, तुमच्याहून लहान वयाचा, आणि त्याला आधी विचारा. मूळ प्रत फक्त तुमच्याच नावावरच्या लॉकरमध्ये ठेवू नका, तुमच्यामागे तो उघडायलाच कागदपत्रं लागतात. जिल्हा निबंधकांकडे बंद पाकिटात ठेवता येते, किंवा घरी ठेवून जागा व्यवस्थापकाला सांगा.