प्रिन्स ऑफ पर्शिया कुठून सुरू करावा? एका मावशीचा सल्ला

भाच्याने विचारलं, "मावशी, ती प्रिन्स ऑफ पर्शियाची व्हिडिओगेम मालिका खेळायचीय. कुठला आधी घेऊ?" मी म्हटलं, "1989 चा." त्याने असं तोंड केलं, जणू मी त्याला टाइपरायटर आणायला सांगितलाय. "अगं, त्यात गोष्ट तरी आहे का?"

आहे. चार ओळींत मावेल एवढीच आहे, पण त्यातली एक ओळ पुढच्या बऱ्याच भागांत वेगवेगळ्या वेषात परत येते. ती हातून सुटू नये म्हणून हा क्रम सांगतेय. नुसत्या उड्या आणि तलवारबाजी हवी असेल तर कुठूनही सुरू करा, काही बिघडत नाही.

बसण्याआधी दोन कामं करा. सबटायटल्स चालू करा, कारण या मालिकेत महत्त्वाचं बोलणं नेमकं आपण भिंतीवरून धावत असताना होतं आणि तेव्हा कानांत काही शिरत नाही. दुसरं, एक वही जवळ ठेवा. भाचा हसला, पण दुसऱ्या आठवड्यात त्यानेही वही काढली.

आता पहिला भाग. जॉर्डन मेक्नरने तो ॲपल टू या संगणकासाठी बनवला. जाफर नावाचा वजीर राजकन्येला कोंडतो, तिच्यापुढे वाळूचं घड्याळ ठेवतो आणि सांगतो, तासाभरात माझ्याशी लग्न कर नाहीतर मर. खाली अंधारकोठडीत आपण, निःशस्त्र. ती 60 मिनिटं खरीखुरी चालतात. मेलात तर लेव्हल पहिल्यापासून सुरू होते, घड्याळ मात्र मागे येत नाही. मी लहानपणी जुन्या पीसीच्या डॉस प्रणालीवर खेळले, तिथे स्पेसबार दाबला की उरलेली मिनिटं दिसतात. फार वेळा दाबू नका, हात थरथरायला लागतात.

आजच्या मुलांना हा खेळ "बटण ऐकत नाही" असा वाटतो. त्याला कारण आहे. मेक्नरने 1985 मध्ये आपल्या भावाला पळताना, उड्या मारताना चित्रित केलं आणि एकेक चौकट बघून त्यावरून राजपुत्र रेखाटला. त्यामुळे पडद्यावरच्या त्या इवल्याशा माणसाला वजन आहे. धावताना तो जागच्या जागी थांबत नाही, दोन पावलं घसरतोच. म्हणून बटण वेळेच्या किंचित आधी दाबायचं, आणि कड्याजवळ आलात की शिफ्ट धरून एकेक पाऊल टाकायचं. शिफ्ट धरलेली असेल तर कड्यावर तो आधी थबकतो. जमिनीतून सुळे वर येतात तिथेही तेच. धावलात तर संपलात, सावकाश चाललात तर त्यांच्यामधून आरामात पलीकडे जाता.

माझं खरं काम आहे चौथ्या लेव्हलला. तिथे बाहेरचं दार उघडून परत फिरलात की वाटेत, जिथे मघाशी काही नव्हतं, तिथे एक आरसा उभा असतो. दुसरी वाट नाही. मागे जाऊन, धावत येऊन थेट आरशात उडी मारायची. आपण पलीकडे पडतो, अंगातला जीव (तो पडद्यावर त्रिकोणांनी दाखवतात) एका त्रिकोणावर येतो, आणि आरशातून आपल्यासारखाच एक जण उलट दिशेने निघून जातो. आपली सावली. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा खुर्ची मागे सरकवली होती. या सावलीच्या जन्माचं कारणही गमतीचं आहे. मेक्नरला राजपुत्रासमोर कोणीतरी उभं करायचं होतं, पण नवीन पात्राची चित्रं ठेवायला मेमरी उरली नव्हती. मग राजपुत्राचीच चित्रं किंचित सरकवून त्यांच्यावरच चढवली आणि एक चमचमती आकृती निघाली. जागेच्या टंचाईतून गोष्टीतला सगळ्यात चांगला माणूस जन्मला.

पुढे ही सावली पाचव्या लेव्हलला आपल्या डोळ्यांदेखत आपलं औषध पिऊन टाकते आणि सहाव्याला आपल्या तोंडावर दार पाडते. मला वाटतं, चीड तिथे खरी रुजते. त्या चिडीसकट थांबा. सहावी लेव्हल संपली की कंट्रोल आणि जी दाबून सेव्ह करा आणि खेळ बंद करा. उरलेलं नंतर. का, ते ओघात येईलच.

1993 चा दुसरा भाग आणि 1999 चा त्रिमितीतला भाग सोडला तरी चालेल. दुसऱ्याची सुरुवात झकास आहे. जाफर राजपुत्राचं रूप घेतो, दरबारात कोणी खऱ्याला ओळखत नाही, आणि तो खिडकीतून उडी मारून जहाजावर पळतो. पण शेवटी एक चेटकीण काचेच्या गोळ्यात बघत बसलेली दाखवतात आणि तो धागा पुढे कोणी उचललाच नाही. अर्धवट गोष्टींचा मला राग आहे, म्हणून मी शिफारस करत नाही.

इथून थेट 2003. द सँड्स ऑफ टाइम, युबिसॉफ्ट माँट्रियल या कंपनीचा. मेक्नर पुन्हा लिहायला बसला आणि ते जाणवतं. ही नवी गोष्ट आहे, नवा राजपुत्र आहे, जुनीच्या पुढची नाही. तरी वजीर आहे, वाळूचं घड्याळ आहे, राजकन्या आहे. फक्त ही राजकन्या, फराह, कोठडीत रडत बसत नाही. धनुष्यबाण घेऊन बरोबर चालते, आणि आपण मध्ये आलो तर तिचा बाण आपल्यालाही लागतो. राजपुत्र वजिराच्या बोलण्यात येऊन स्वतःच्या हाताने खंजीर त्या घड्याळात खुपसतो आणि सगळ्या राजवाड्याची माती करतो. म्हणजे इथे संकट बाहेरून आलेलं नाही. वहीत लिहून ठेवण्यासारखी ही पहिली गोष्ट.

त्या खंजिराने काळ मागे नेता येतो. उडी चुकली, बटण धरलं, परत कड्यावर. मात्र त्याला वाळू लागते आणि ती मारलेल्या शत्रूंतून काढावी लागते. नवखे इथे चुकतात. शत्रू आडवा झाला की लगेच खंजीर खुपसून वाळू ओढून घ्या, नाहीतर तो उठतो. मला पहिल्या दोन लढाया संपतच नव्हत्या, कारण मी पडलेल्यांना सोडून उभ्यांच्या मागे लागत होते. त्यांच्या डोक्यावरून कोलांटी मारून मागून वार करण्याची सवय लावून घ्या, निम्मा त्रास वाचतो. सेव्ह करायच्या जागी वाळूचे खांब दिसतात. तिथे पुढचं एक ओझरतं दर्शन मिळतं. ते बघताना चहा ढवळू नका, कुठून कुठे उडी आहे ते त्यात असतं.

आणि मेलात तर काय होतं ते कान देऊन ऐका. राजपुत्राचा आवाज येतो: नाही नाही, असं नव्हतं झालं. म्हणजे आपण जे खेळतोय ते घडून गेलेलं आहे आणि तो कोणाला तरी सांगतोय. कोणाला सांगतोय, हा वहीतला प्रश्न. उत्तर शेवटाला मिळतं. मधे एका निवांत जागी फराह तिच्या लहानपणीचा एक गुपित शब्द त्याला सांगते. तो शब्द अक्षर न अक्षर लिहून ठेवा. मी इथे लिहिणार नाही.

2004 चा वॉरियर विदिन आला तेव्हा माझा जीव खट्टू झाला होता. तोच राजपुत्र, सात वर्षांनी, आवाज वेगळा, चेहऱ्यावर तिरसटपणा, पाठीमागे कर्कश गिटार, रक्त भरपूर. मेक्नरनेही पुढे उघडपणे नापसंती सांगितली. लहान मुलांच्या हातात देऊ नका. पण गोष्टीच्या बांधणीत 2003, 2004 आणि 2005 च्या तिन्ही भागांत हाच पक्का आहे असं आता माझं मत झालंय. वाळू मोकळी केल्याबद्दल राजपुत्राने मरायला हवं होतं. तो वाचला, म्हणून काळाचा रखवालदार दहाका त्याच्या मागे लागतो. तो लागला की लढायचं नाही, पळायचं. पडदा भुरकट झाला की समजा आलाच, आणि पाण्याचा पडदा जिथे दिसेल तिथे घुसा, त्याला पाणी ओलांडता येत नाही. सुरुवातीच्या भागात एक काळी आकृती मधेच दिसते आणि नाहीशी होते. ती कुठे दिसली, काय करत होती, हे टिपून ठेवा. नंतर खेळच तुम्हाला त्याच प्रसंगांत दुसऱ्या बाजूने उभं करतो. आधीची टिपणं असतील तर तिथे अंगावर काटा येतो, नसतील तर फक्त गोंधळ होतो.

याच भागात मी मार खाल्ला. याला दोन शेवट आहेत आणि पुढच्या भागाची गोष्ट त्यातल्या एकालाच जोडलेली आहे. बाजूच्या, सापळ्यांनी भरलेल्या वाटांमध्ये जीव वाढवणाऱ्या नऊ जागा लपवल्यात. नऊच्या नऊ मिळवल्या तरच पाण्याची तलवार हाती येते आणि तो खरा शेवट उघडतो. मी आठ मिळवल्या. एक वाट कंटाळून सोडली होती, म्हटलं जीव पुरेसा आहे. शेवट पाहिला, पुढचा भाग लावला, तर ज्या बाईला मी कालच मारलं होतं ती राजपुत्राच्या शेजारी जहाजावर उभी! मला वाटलं डिस्कच खराब आहे. सेव्ह केलेलं सगळं शेवटच्या दाराच्या पलीकडचं, मागे जायला जागा नाही. पुन्हा पहिल्यापासून खेळले. तेव्हा नऊ खुणांसाठी वहीत नऊ चौकोन काढा, आणि शेवटच्या लढतीआधीचं एक सेव्ह वेगळं ठेवा.

2005 चा द टू थ्रोन्स बाबिलोनमध्ये घडतो. राजपुत्राचा जुना आवाज परत येतो आणि त्याच्याबरोबर आणखी एक आवाज येतो, डोक्याच्या आतून टोमणे मारणारा. तो दुसरा राजपुत्र, काळा, मधूनमधून शरीराचा ताबा घेतो. मग हाताला साखळीचं हत्यार येतं, ताकद दुप्पट होते आणि जीव सतत गळत राहतो. तेव्हा रेंगाळू नका, वाळू दिसेल ती गोळा करत पळा. पाणी लागलं की परत माणूस. इथेही पाणीच, लक्षात आलं ना? शेवटाबद्दल एवढंच सांगते की अगदी शेवटी जो समोर येईल त्याच्यावर तलवार चालवून काही साधत नसेल, तर बटणं बडवत बसू नका. जरा थांबा. कोणीतरी हाक मारतंय का ते ऐका.

2010 चा द फॉरगॉटन सँड्स हा कालक्रमाने 2003 आणि 2004 च्या मधला आहे, पण तिथे घुसवू नका, लय तुटते. वाहतं पाणी गोठवून त्याला लटकायचं आणि पुढच्याच क्षणी सोडायचं, हा त्यातला खेळ मजेचा आहे. गोष्ट सुमार. वेळ असेल तर घ्या.

2008 चा भाग मात्र चुकवू नका. तो स्वतंत्र आहे, बाकी कशाशी संबंध नाही. (राजपुत्राच्या गाढविणीचं नाव फराह ठेवलंय, एवढाच खोडसाळपणा.) यात मरताच येत नाही. पडलात की एलिका हात धरून वर ओढते. पुष्कळांना हे लबाडीचं वाटलं. मला वाटतं तो दहा तास चाललेला एक सापळा आहे, कारण तुम्हाला तिची सवय लागते. श्रेयनामावली सुरू झाली म्हणून कंट्रोलर खाली ठेवू नका. तिच्यानंतर खेळ तुमच्याच हातून एक काम करवून घेतो. मी पाच मिनिटं नुसती बसून होते, करू की बंद करू. शेवटी केलं.

2024 चा द लॉस्ट क्राउन पुन्हा बाजूने दिसणारा. नायक सरगॉन, आणि तो राजपुत्र नाही. पळवून नेलेल्या राजपुत्राला शोधायला काफ पर्वतावर गेलेला योद्धा आहे, जिथे काळाचं गणितच विस्कटलंय. आवाज फारसीत लावा, गोष्टीला घर मिळतं. न उघडणारं दार भेटलं की तिथला फोटो नकाशावर टाचून ठेवण्याची सोय आहे. ती पहिल्या तासापासून वापरा, नाहीतर पुढे दुहेरी उडी मिळेल तेव्हा ते दार कुठे होतं हे आठवत बसाल. इथेही सरगॉनला स्वतःचीच दुसरी रूपं भेटतात. तोवर तुम्हाला नवल वाटणार नाही.

मग 1989 चा तो सेव्ह उघडा.

भाच्याने गेल्या शनिवारी उघडला. रात्री अकराला फोन. "मावशी, बारावी लेव्हल. सावली समोर आलीये. मी वार करतो तर माझाच जीव कमी होतो. किती मिनिटं उरलीत माहितीये? सात!"

"टू थ्रोन्सच्या शेवटी काय केलं होतंस?"

तो गप्प. मग कीबोर्डवर एकच टक् ऐकू आलं, खालच्या बाणाचं. तलवार म्यानात.

"तिनेही ठेवली," तो हळूच म्हणाला. "आता?"

"चालत जा तिच्याकडे."

थोड्या वेळाने: "एक झालो. पण मावशी, पुढे जमीनच नाहीये."

"माहितीये," म्हटलं. "धाव."