एका हंगामाला एकच कसब: लिहिणाऱ्यानं शिकत राहावं कसं

चार कथा छापून आल्या, दिवाळी अंकांकडून विचारणा होऊ लागली, की लिहिणाऱ्याचा हात बसतो. आणि हात बसला की लिखाण एकाच चाकोरीतून जायला लागतं. पैठणच्या एकनाथांनी 1573 मध्ये काशीला भागवताच्या एकादश स्कंधावरची टीका पुरी केली. त्या डोंगराएवढ्या कामानंतर, 1584 मध्ये, त्यांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. टीका लिहिणं वेगळं आणि दुसऱ्याच्या ग्रंथाचा पाठ नीट लावणं वेगळं. शिवाय भारुडं आहेतच. त्यांत जोशी, वासुदेव, गोंधळी स्वतःच्या तोंडानं बोलतात. मराठवाड्यात बसून लिहिणाऱ्याला नवं कसब शिकत राहण्याचा याहून जवळचा दाखला नाही.

पहिली पायरी: काय येत नाही ते शोधा

गेल्या वर्षभरातलं आपलं लिखाण बाहेर काढा आणि पेन्सिल घेऊन वाचा. जिथं वाक्य गाळून पुढं जावंसं वाटतं, तिथं खूण करा. बहुतेकदा खुणा एकाच जातीच्या निघतात. कुणाचे संवाद लटके असतात, कुणाची माहिती वरवरची, कुणाचे शेवट घाईचे. ज्याच्या खुणा जास्त, ते या हंगामाचं काम. खरिपाला संवाद, रब्बीला संपादन, अशी वाटणी करा. सगळं एकदम धरलं तर काहीच हाती लागत नाही.

दुसरी पायरी: संवाद शिकायचे तर मोंढ्यात जा

लातूर, परभणी, जालना, कुठल्याही मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, सौद्याच्या वेळी अडतीच्या दुकानाशी थांबा. लिहून घेऊ नका, ऐका. शेतकरी विचारतो, "सौदा निघाला का?" अडत्या म्हणतो, "बसा, चहा घ्या आधी." भाव पडलाय हे शेतकऱ्याला तिथंच कळतं. कुणी भावाचा आकडा उच्चारत नाही, कुणी चिडत नाही. नवखा लेखक मात्र हाच प्रसंग लिहिताना अडत्याच्या तोंडी बाजारभावाचं भाषण घालतो.

घरी आल्यावर ऐकलेलं आठवून पाच-सात ओळींत उतरवा. 'तो रागानं म्हणाला', 'ती खिन्नपणे म्हणाली' असलं काहीही वापरू नका. राग बोलण्यात दिसला नाही, तर संवाद पुन्हा लिहा. बोलीसाठी प्रत्येक शब्द मोडतोड करून लिहायचीही गरज नाही. वाक्याचा हेल पकडला की दोन-तीन शब्दांत गाव कळतं.

तिसरी पायरी: माहिती काढायला शिका

मला हे सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं, आणि आपल्याकडं याचीच आबाळ होते. बीडचा ऊसतोड कामगार कथा-कवितांतून खूप येतो, पण कसा येतो? 'ऊसतोड मजुरांचं स्थलांतर हा गंभीर प्रश्न आहे.' या वाक्यात माणूस नाही. आता हे बघा: 'मुकादमाची उचल घेतली. हिशोबात नवरा-बायको मिळून एक कोयता.' उचल म्हणजे कामाआधी घेतलेले पैसे. दोन माणसं मिळून एक हत्यार मोजलं जातं, हे कळलं की प्रश्न गंभीर आहे असं वेगळं सांगावं लागत नाही.

अशी माहिती 'तुमच्या अडचणी सांगा' म्हणून मिळत नाही. कामाचा क्रम विचारा. फडात सकाळी पहिल्यांदा काय करता? मोळी कोण बांधतं, गाडीत कोण चढवतं? लेकरू तेव्हा कुठं असतं? उचल फिटली नाही तर पुढच्या साली काय होतं? मध्ये बोलू नका. समोरचा गप्प झाला तर थोडं थांबा, पुढचं वाक्य बहुधा तेच मोलाचं असतं. एखाद्याची हकिकत ओळखू येईल अशी लिहिणार असाल तर त्याची परवानगी घ्या आणि नाव-गाव बदला.

चौथी पायरी: कानासाठी लिहा

आकाशवाणीची केंद्रं परभणी, नांदेड, छत्रपती संभाजीनगरला आहेत. तिथं संधी मिळो न मिळो, पाच मिनिटांचं भाषण लिहून मोबाईलवर रेकॉर्ड करा. 'परतीच्या पावसामुळे शेतकऱ्यांचे मोठ्या प्रमाणावर नुकसान झाल्याचे चित्र दिसून येत आहे' हे वाचताना दम लागतो. 'परतीच्या पावसात सोयाबीनची बनीम भिजली' हे एका श्वासात होतं, आणि बनीम म्हणजे कापून रचलेली गंजी डोळ्यांपुढंही येते. ऐकताना जिथं अडखळाल, तिथं वाक्य तोडा.

पाचवी पायरी: दुसऱ्याचं लिखाण संपादित करा

लिहिणाऱ्या मित्राची कथा घ्या आणि तिचा पाचवा हिस्सा कमी करून दाखवा. अट एकच, आपलं एकही वाक्य घालायचं नाही. ज्ञानेश्वरीत स्वतःची ओवी घालणं म्हणजे अमृताच्या ताटात नरोटी (नारळाची करवंटी) ठेवणं, असं नाथांनी बजावलं होतं. ही शिस्त अवघड आहे. काढताना आधी विशेषणं काढा, मग समजावून सांगणारी वाक्यं, मग गरज असेल तरच प्रसंग. आपल्याच कथेवर हा हात चालवायला पुढं फार सोपं जातं. शुद्धलेखनाचे नियमही याच काळात हाताखाली ठेवा, अडेल तिथं बघा.

सहावी पायरी: युनिकोडमध्ये टाईप करा

युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टमधला मजकूर दुसऱ्याच्या संगणकावर अगम्य चिन्हांसारखा दिसतो, संपादक वैतागतो. युनिकोडमध्ये टाईप करायच्या इनस्क्रिप्ट कळफलकावर स्वर डाव्या हाताला आणि व्यंजनं उजव्या हाताला असतात. रोज थोडा सराव केला की बोटं रुळतात.

सातवी पायरी: दोन वेगळ्या माणसांना दाखवा

एक लिहिणारा हवा. मराठवाडा साहित्य परिषद 1943 पासूनची, तिच्या शाखा गावोगाव आहेत. कार्यक्रम संपल्यावर निघून न जाता तिथल्या माणसांशी ओळख करून घ्या. दुसरा माणूस तुम्ही ज्यांच्याविषयी लिहिलंय त्यांच्यातला हवा. त्याला वाचून दाखवा आणि 'आवडलं का' असं विचारू नका. 'असं होतं का?' असं विचारा. "नाही ओ, असं नसतंय," म्हणाला तर तिथंच वही उघडा आणि कसं असतं ते त्याच्याकडूनच ऐका.